कृत्रिम हृदय : पंपापासून अवयवापर्यंत

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



२ डिसेंबर १९८२ रोजी अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे, यूटा विद्यापीठाच्या रुग्णालयात, बार्नी क्लार्क नावाच्या निवृत्त दंतवैद्याचे निकामी झालेले हृदय काढून त्या जागी प्लॅस्टिक व धातूचे हृदय बसविण्यात आले. डॉ. विल्यम डीव्हरीज यांनी ही शस्त्रक्रिया केली. यंत्राचे नाव होते ‘जार्विक-७’. क्लार्क त्यानंतर ११२ दिवस जगले. या काळात त्यांच्या पलंगाशेजारी सुमारे पावणेदोनशे किलो वजनाची हवा दाबणारी यंत्रणा अखंड चालू असे आणि तिच्यातून निघालेल्या दोन नळ्या त्यांच्या पोटाच्या त्वचेतून आत शिरलेल्या असत. क्लार्क यांच्याकडे एक किल्लीही देण्यात आली होती. जगणे असह्य झाले तर त्या किल्लीने यंत्र बंद करण्याची मुभा त्यांना होती. ती किल्ली त्यांनी कधीही वापरली नाही.

कृत्रिम हृदयाचा विचार करताना अवजड यंत्र, देहात शिरलेल्या नळ्या आणि रुग्णाच्या हातातील किल्ली या तिन्ही गोष्टी डोळ्यांसमोर ठेवणे आवश्यक आहे. पहिलीत अभियांत्रिकीचा प्रश्न आहे, दुसरीत जीवशास्त्राचा आणि तिसरीत नीतीचा. गेल्या चार दशकांत पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे सापडले, दुसऱ्याचे अर्धेमुर्धे सापडले. तिसरा प्रश्न मात्र अजून तसाच उभा आहे.

निसर्गाने घडविलेला पंप

मानवी हृदय म्हणजे वस्तुतः एकमेकांना चिकटलेले दोन पंप होत. उजव्या बाजूचा पंप शरीरातून परत आलेले अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे पाठवितो, तर डाव्या बाजूचा पंप फुप्फुसांतून आलेले प्राणवायुयुक्त रक्त महारोहिणीमार्फत सर्व शरीराला पुरवितो. प्रत्येक बाजूस वर कर्णिका व खाली जवनिका असे दोन कप्पे असतात. कर्णिका रक्त स्वीकारते, जवनिका ते ढकलते. रक्ताचा प्रवाह एकाच दिशेने राहावा म्हणून चार झडपा असतात.

विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढ व्यक्तीचे हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलते. म्हणजे दिवसाला सात हजार लिटरहून अधिक! मिनिटाला ७२ ठोके धरले तर दिवसाला एक लाखाहून अधिक आणि वर्षाला पावणेचार कोटींहून अधिक ठोके होतात. या कामासाठी लागणारी यांत्रिक शक्ती मात्र विश्रांतीच्या वेळी जेमतेम सव्वा वॅट इतकीच असते. विजेरीतील लहानशा दिव्याला लागावी एवढी ही शक्ती! तेव्हा कृत्रिम हृदयाची अडचण शक्तीच्या प्रमाणाची नाही. अडचण आहे ती न थांबता, न झिजता आणि रक्ताला इजा न करता वर्षानुवर्षे काम करण्याची.

नैसर्गिक हृदयाचा आणखी एक गुण महत्त्वाचा आहे. जितके रक्त त्याच्याकडे परत येते, तितके ते पुढे पाठविते. जवनिका अधिक भरली की तिचे स्नायुतंतू अधिक ताणले जातात आणि पुढचे आकुंचन अधिक जोमाने होते. शरीरशास्त्रात हा फ्रँक-स्टार्लिंग नियम म्हणून ओळखला जातो. मनुष्य जिना चढू लागला की पायांच्या स्नायूंतून अधिक रक्त परत येते आणि हृदय ते निमूटपणे पुढे धाडते. हा गुण यंत्रात आणता आला तरच यंत्र हृदयाची जागा घेऊ शकते.

पहिली पावले

या शोधयात्रेचा आरंभ शस्त्रक्रियागृहात झाला. १९५३ मध्ये अमेरिकेत डॉ. जॉन गिबन यांनी हृदय व फुप्फुस या दोहोंचे काम काही काळ शरीराबाहेर करणारे यंत्र वापरून मनुष्यावर पहिली यशस्वी खुली हृदयशस्त्रक्रिया केली. रक्त यंत्रातून फिरवूनही माणूस जिवंत राहतो, हे त्यामुळे सिद्ध झाले. १९५७ मध्ये डॉ. विलेम कोल्फ आणि डॉ. तेत्सुझो अकुत्सु यांनी क्लीव्हलँड येथे एका कुत्र्याच्या छातीत कृत्रिम हृदय बसविले आणि ते प्राणी सुमारे दीड तास जगले. हेच कोल्फ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नेदरलँड्समध्ये कृत्रिम मूत्रपिंड तयार करणारे संशोधक होते. एक अवयव यंत्राने चालविता आला, तर दुसरा का नाही, हा त्यांचा साधा प्रश्न होता. ‘जार्विक-७’ ज्या प्रयोगशाळेत आकाराला आले, ती यूटा येथील प्रयोगशाळाही त्यांचीच.

४ एप्रिल १९६९ रोजी ह्यूस्टन येथे डॉ. डेंटन कूली यांनी मानवी छातीत प्रथमच संपूर्ण कृत्रिम हृदय बसविले. दात्याचे हृदय मिळेपर्यंत ६४ तास त्या यंत्राने रुग्णाला जगविले. प्रत्यारोपणानंतर रुग्ण लवकरच दगावला. तथापि, या प्रयोगातून कृत्रिम हृदयाची एक भूमिका निश्चित झाली. कायमचा पर्याय नव्हे, तर प्रत्यारोपणापर्यंत नेणारा पूल म्हणून या यंत्राचा उपयोग करता येईल, ही ती भूमिका होय.

हवेवर चालणारे हृदय

‘जार्विक-७’चे सुधारित रूप पुढे ‘सिनकार्डिया’ या नावाने प्रचलित झाले. ऑक्टोबर २००४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने प्रत्यारोपणापर्यंतचा आधार म्हणून त्यास मान्यता दिली. या यंत्राची कार्यपद्धती समजून घेतली की इतर सर्व रचना समजणे सोपे जाते.

शस्त्रक्रियेत रुग्णाच्या हृदयाच्या दोन्ही जवनिका व चारही झडपा काढून टाकतात. दोन्ही कर्णिका मात्र ठेवल्या जातात. कर्णिकांच्या कडांना आणि महारोहिणी व फुप्फुसरोहिणी यांच्या तोंडांना कापडी जोड शिवले जातात आणि त्यांवर दोन कृत्रिम जवनिका बसविल्या जातात. प्रत्येक कृत्रिम जवनिका पॉलियुरेथेनची असते. तिच्या आत लवचीक पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूस रक्त आणि दुसऱ्या बाजूस हवा. बाहेरच्या यंत्रातून नळीवाटे हवेचा झोत आला की पडदा रक्तावर दाबला जातो आणि रक्त पुढच्या झडपेतून रोहिणीत जाते. हवा काढून घेतली की पडदा मागे सरतो आणि कर्णिकेतील रक्त जवनिकेत उतरते. दोन जवनिका, दोन नळ्या, चार यांत्रिक झडपा, इतकीच ही रचना.

येथे एक युक्ती आहे. जवनिकेची क्षमता ७० मिलिलिटर असली तरी ती प्रत्येक वेळी पूर्ण भरू दिली जात नाही. मात्र जितके रक्त आत येते ते सर्व बाहेर काढले जाते. त्यामुळे भरण्यास थोडी जागा नेहमीच शिल्लक राहते. रुग्ण चालू लागला, परतणारे रक्त वाढले, तर ते त्या शिल्लक जागेत मावते आणि यंत्राची गती न वाढविताही प्रवाह वाढतो. फ्रँक-स्टार्लिंग नियमाचे हे यांत्रिक अनुकरणच म्हणावे लागेल.

२००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, हे यंत्र बसविलेल्या ८१ रुग्णांपैकी ७९ टक्के रुग्ण प्रत्यारोपणापर्यंत पोहोचले. यंत्र न मिळालेल्या तुलनात्मक गटात हे प्रमाण ४६ टक्के होते. पावणेदोनशे किलोच्या यंत्रणेची जागाही पुढे सुमारे सहा किलोच्या, पाठीवरच्या पिशवीत मावणाऱ्या यंत्राने घेतली. २०१४ मध्ये त्यास अमेरिकेत मान्यता मिळाली. रुग्ण घरी जाऊन प्रत्यारोपणाची वाट पाहू लागले. पोटातून बाहेर येणाऱ्या नळ्या मात्र राहिल्याच.

रक्ताचा स्वभाव

कृत्रिम हृदयाचे खरे आव्हान धातूत वा प्लॅस्टिकमध्ये नसून रक्तात आहे. रक्तवाहिन्यांच्या आतील बाजूस पेशींचा अतिशय पातळ अंतःस्तर असतो. तो रक्ताला आपला वाटतो. त्या व्यतिरिक्त कोणत्याही पृष्ठभागाशी रक्ताचा संबंध आला की त्यातील प्रथिने त्या पृष्ठभागावर चिकटतात, बिंबिका तेथे गोळा होतात आणि गुठळी धरण्यास आरंभ होतो. जखम झाल्यावर जी प्रक्रिया प्राण वाचविते, तीच येथे प्राणावर बेतते. यंत्रात तयार झालेली लहानशी गुठळी महारोहिणीतून मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. ‘जार्विक-७’च्या आरंभीच्या रुग्णांच्या बाबतीत हेच दुखणे वारंवार उद्भवले. त्यांच्यातील एक रुग्ण ६२० दिवस जगला. पण पक्षाघाताच्या झटक्यांनी तो जर्जर झाला होता.

दुसरीकडे, रक्त फार वेगाने अरुंद फटीतून गेले वा फिरणाऱ्या पात्यांच्या कडांवर आपटले, तर तांबड्या पेशी फुटतात व हिमोग्लोबिन बाहेर पडून मूत्रपिंडांना अपाय होतो. थोडक्यात, रक्त संथ झाले तर गोठते आणि त्यावर फार ताण आला तर फुटते. या दोन टोकांमधील मार्ग शोधणे म्हणजेच कृत्रिम हृदयाची रचना करणे होय. यंत्रात कोपरा नको, खाच नको, रक्त साचून राहील अशी जागा नको.

गुठळी टाळण्यासाठी रुग्णास रक्त पातळ ठेवणारी औषधे घ्यावी लागतात. त्यांचे प्रमाण कमी पडले तर गुठळी, अधिक झाले तर रक्तस्राव. त्वचेतून जाणारी नळी किंवा तार हा जंतुसंसर्गाचा उघडा दरवाजाच असतो. तेव्हा यंत्र उत्तम चालत असूनही रुग्ण संकटात सापडू शकतो, हे ध्यानात घ्यावे लागते.

डाव्या-उजव्याचा तोल

दोन्ही बाजूंचे पंप समान प्रमाणात चालले पाहिजेत, हे वरकरणी सोपे वाटते. समजा, मिनिटाला पाच लिटर रक्त फिरत असताना उजवा पंप डाव्यापेक्षा अवघा एक टक्का अधिक रक्त पाठवू लागला. हा फरक मिनिटाला ५० मिलिलिटरचा झाला. दहा मिनिटांत अर्धा लिटर रक्त फुप्फुसांत साचेल आणि रुग्णाचा श्वास कोंडू लागेल. त्यात निसर्गाने आणखी एक गुंतागुंत ठेवली आहे. श्वासनलिकांच्या पोषणासाठी गेलेले काही रक्त उजव्या बाजूस न येता थेट डाव्या बाजूस परतते. म्हणून डाव्या पंपाला उजव्यापेक्षा किंचित अधिक काम करावे लागते. नैसर्गिक हृदय हा हिशेब ठोक्यागणिक आपोआप जुळविते. यंत्राला तो शिकवावा लागतो.

तारेविना ऊर्जा

त्वचेला छिद्र न पाडता यंत्राला ऊर्जा देता येईल काय? या प्रश्नाचे धाडसी उत्तर ‘अबायोकोर’ या हृदयाने दिले. २ जुलै २००१ रोजी अमेरिकेतील लुईव्हिल येथे ते प्रथम बसविण्यात आले. त्वचेखाली एक तारकुंडल आणि त्याच्यावर, त्वचेबाहेर, दुसरे तारकुंडल ठेवलेले असे. बाहेरच्या कुंडलातील प्रत्यावर्ती प्रवाहामुळे आतील कुंडलात विद्युतप्रवाह निर्माण होई. भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे तत्त्व ते हेच. शरीरातील छोटी बॅटरी थोडा वेळ यंत्र चालवू शके, त्यामुळे बाहेरचे साधन काही मिनिटे दूर ठेवता येई. छातीतील विद्युत मोटर एक द्रव पदार्थ आळीपाळीने डाव्या व उजव्या बाजूस ढकले आणि त्या दाबाने रक्त पुढे जाई.

पहिला रुग्ण १५१ दिवस जगला. चाचणीतील १४ रुग्णांपैकी एक जण सुमारे १७ महिने जगला. २००६ मध्ये मर्यादित वापरास मान्यताही मिळाली. तथापि यंत्राचे वजन जवळपास एक किलो व आकार मोठा असल्याने ते लहान चणीच्या व्यक्तींच्या, विशेषतः बहुतेक स्त्रियांच्या छातीत मावत नसे. गुठळ्यांचा प्रश्नही सुटला नाही. हा प्रयोग पुढे थांबला. त्वचेला न छेदता ऊर्जा देण्याची कल्पना मात्र आजही संशोधकांसमोर आहे.

फ्रान्समध्ये डॉ. अलेन कार्पांतिए यांनी वेगळा मार्ग धरला. प्राण्यांच्या ऊतींपासून हृदयाच्या झडपा तयार करण्यात त्यांची ख्याती होती. रक्ताला स्पर्श करणारा पृष्ठभागच जैविक केला तर? ‘कार्मॅट’ हृदयातील पडद्याच्या रक्ताकडील बाजूस गोवंशीय प्राण्याच्या हृदयावरणाचा प्रक्रिया केलेला थर असतो. दाबाची नोंद घेणारे संवेदक रुग्णाच्या हालचालींनुसार प्रवाह कमी-अधिक करतात. डिसेंबर २०१३ मध्ये पॅरिस येथे त्याचे पहिले आरोपण झाले आणि डिसेंबर २०२० मध्ये प्रत्यारोपणापर्यंतचा पूल म्हणून त्यास युरोपीय मान्यता मिळाली.

नाडी नसलेले जीवन

वरील सर्व यंत्रांनी निसर्गाचे अनुकरण केले. पडदा, झडप, ठोका. पण वर्षाला कोट्यवधी वेळा वाकणारा पडदा केव्हा ना केव्हा थकणारच. म्हणून अभियंत्यांनी एक मूलभूत प्रश्न विचारला, की रक्त ठोक्याठोक्यानेच का पाठवावे? विहिरीवरील पंप ठोके देत नाही. त्याचे चक्र फिरते आणि पाणी सतत वाहते.

या विचारातून सतत प्रवाहाची यंत्रे आली. त्यांचा पहिला मोठा उपयोग हृदय न काढता केवळ डाव्या जवनिकेला साहाय्य करण्यासाठी झाला. बहुतेक रुग्णांत डावी बाजूच प्रामुख्याने निकामी होत असल्याने हे साहाय्यक पंप आज संपूर्ण कृत्रिम हृदयापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात वापरले जातात. त्यांतील ‘हार्टमेट-३’ या पंपाचे चक्र चुंबकीय बलाने अधांतरी तरंगत फिरते. घर्षण नाही, म्हणून झीज नाही. मोठ्या चाचणीत हा पंप बसविलेल्यांपैकी सुमारे ५८ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात होते. मात्र सतत फिरणाऱ्या चक्रामुळे रक्त गोठण्यास मदत करणारे व्हॉन विलेब्रँड नावाचे प्रथिन तुटते आणि आतड्यांतून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. अशा अनेक रुग्णांच्या मनगटावर बोट ठेवले तर नाडी लागत नाही. मराठीत नाडी न लागणे याचा अर्थ काय होतो, हे सांगावयास नको. येथे मात्र तो मनुष्य समोर बसून बोलत असतो.

याच तत्त्वावर ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील अभियंते डॅनियल टिम्स यांनी ‘बायव्हाकोर’ हे संपूर्ण कृत्रिम हृदय विकसित केले. टायटॅनियमच्या कवचात एकच चक्र चुंबकीय बलाने तरंगते. त्याच्या एका अंगावरील पाती शरीराकडे आणि दुसऱ्या अंगावरील पाती फुप्फुसांकडे रक्त पाठवितात. डाव्या-उजव्या दाबांत फरक पडला की चक्र किंचित सरकते आणि तोल पुन्हा साधला जातो. झडप नाही, पडदा नाही, हलणारा भाग एकच. जुलै २०२४ मध्ये ह्यूस्टन येथे ते प्रथम एका रुग्णास बसविण्यात आले आणि आठ दिवसांनी त्यास दात्याचे हृदय मिळाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सिडनी येथे हे हृदय बसविलेला रुग्ण फेब्रुवारी २०२५ मध्ये रुग्णालयातून बाहेर पडला आणि शंभराहून अधिक दिवसांनंतर मार्चमध्ये त्याचे प्रत्यारोपण झाले. ऊर्जेची तार मात्र याही यंत्रात त्वचेतूनच जाते.

भारताच्या संदर्भात

भारतात हृदय प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी केला. केपटाऊन येथे डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी जगातील पहिले मानवी हृदय प्रत्यारोपण केल्यास तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. मुंबईतील रुग्ण काही तासच जगला. मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यता नव्हती आणि शरीराचा नकार थोपविणारी प्रभावी औषधेही नव्हती. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ मध्ये संमत झाला आणि त्याच वर्षी ३ ऑगस्ट रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण केले. फेब्रुवारी १९९५ मध्ये हा कायदा अमलात आला, तेव्हा पहिल्या राज्यांत महाराष्ट्र व गोव्याचा समावेश होता.

आज देशात वर्षाकाठी होणाऱ्या हृदय प्रत्यारोपणांची संख्या दोनशे ते तीनशेच्या दरम्यान आहे. देशाची लोकसंख्या पाहता ती अत्यल्प होय. दात्याचे हृदय शरीराबाहेर काढल्यानंतर साधारणतः चार तासांत बसवावे लागते, हीदेखील मोठी मर्यादा आहे. अशा परिस्थितीत यांत्रिक हृदयाचे मोल अधिक. परंतु आयात यंत्रांची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची आहे.

या संदर्भात तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेचा अनुभव मार्गदर्शक ठरतो. डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तेथे हृदयाची कृत्रिम झडप तयार करण्यात आली. आधीचे नमुने एकामागून एक फसले. कधी धातू झिजला, कधी सांधा तुटला. अखेर डिसेंबर १९९० मध्ये ‘चित्रा’ झडप प्रथम रुग्णास बसविण्यात आली आणि पुढे तिने एक लाखाहून अधिक रुग्णांना आधार दिला. आयात झडपेच्या तुलनेत तिची किंमत बरीच कमी होती. याच शहरातील विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने अग्निबाणांसाठी कमावलेले ज्ञान वापरून डाव्या जवनिकेस साहाय्य करणारे उपकरण तयार केले व प्राण्यांवर त्याच्या चाचण्या घेतल्या. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने ‘हृदयंत्र’ हा प्रकल्प हाती घेतला आहे. धातुशास्त्र, द्रवगतिशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स आणि शल्यचिकित्सा यांना एकत्र बसविल्याखेरीज असे काम पुढे जात नाही, हा ‘चित्रा’ झडपेचा धडा या प्रयत्नांनाही लागू पडतो.

अर्थात, यंत्रावर भर देताना प्रतिबंधाचा विसर पडता कामा नये. बालपणी घशाच्या संसर्गाकडे दुर्लक्ष झाल्याने होणारा संधिवाताचा ताप व त्यातून होणारा झडपांचा विकार, तसेच उच्च रक्तदाब व मधुमेह यांवर वेळीच उपचार झाले, तर अनेकांचे हृदय निकामी होण्याच्या अवस्थेला पोहोचणारच नाही. पेनिसिलिनचे स्वस्त इंजेक्शन आणि टायटॅनियमचे महागडे हृदय ही एकाच रोगाच्या वाटेवरील दोन ठाणी असू शकतात. पहिल्या ठाण्यावरच जितके रुग्ण थांबविता येतील, तितके थांबविणे हे आरोग्यव्यवस्थेचे प्रथम कर्तव्य होय.

समारोप

हवेच्या झोतापासून तरंगत्या चक्रापर्यंत कृत्रिम हृदयाने मोठा पल्ला गाठला आहे. तरीही आजवर ते प्रामुख्याने पूलच राहिले आहे. कायमचे घर झालेले नाही. ते होण्यासाठी रक्ताशी जुळणारा पृष्ठभाग, त्वचेला न छेदणारी ऊर्जा, दीर्घकाळ न झिजणारी रचना आणि सर्वांना परवडणारी किंमत या चार अटी पूर्ण व्हाव्या लागतील.

त्यानंतरही बार्नी क्लार्क यांच्या किल्लीचा प्रश्न उरेलच. यंत्र आपणहून थांबत नाही. म्हणून ते कोणास द्यावे, त्याचा खर्च कोणी सोसावा आणि शरीराचे इतर अवयव हळूहळू साथ सोडू लागले तर ते थांबविण्याचा निर्णय कोणी घ्यावा, हे ठरविणे भाग पडते. उद्या वैद्यक, प्रशासन वा कायदा यांपैकी कोणत्याही क्षेत्रात जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या टेबलावर ही प्रकरणे केव्हा तरी येतील. तेव्हा यंत्राच्या कार्यपद्धतीची नेमकी माहिती आणि त्या यंत्राशी जोडलेल्या माणसाचे भान, दोन्ही त्यांच्याजवळ असावीत, इतकीच अपेक्षा.